माहिती सांगणाऱ्या बाई

दि. १२ जुलै

ती. आक्कांना सादर नमस्कार.

देवाच्या दयेने इकडे सगळं ठीक. तुमचे गुडघे कसे आहेत? मलमाची नळी संपली वाटली तरी टाकू नका, मधोमध कापली की अजून आठवडा निघतो. हे बरे आहेत. जरा विसरतात, वय झालं.

काल ह्यांना राजवाडा दाखवून आणला. लहानपणी तुम्ही दोघं भावंडं ज्याच्या फाटकाच्या गजांतून डोकावायचात, तोच. आता तिथे शहराच्या इतिहासाचं संग्रहालय झालंय. दरबारात जुने नकाशे मांडलेत, राणीच्या खोलीत रस्त्यावरचे दिवे! ह्यांना हल्ली वाचायचा कंटाळा, म्हणून प्रत्येक पाटी मीच मोठ्याने वाचली. मान डोलवत ऐकत होते.

शेजघरात मात्र दोरी ओलांडून पलंगावर जाऊन बसले. पहारेकरी धावला, "आजोबा, उठा, राजाचा पलंग आहे तो!"

"मग राजा आला की उठतो."

सगळे हसले. मीही हसले.

बाहेर पडताना मला म्हणाले, "बाई, फार छान माहिती सांगितलीत. निघतो आता, घरी मंडळी वाट बघत असेल." आणि खिशातली नोट माझ्या हातावर ठेवली. सकाळी मीच घडी घालून त्यांच्या खिशात ठेवलेली.

"अहो, मी आहे," म्हटलं.

"असू द्या, असू द्या," म्हणाले.

रिक्षात बसायला तयार होईनात. परक्या बाईबरोबर कसं जायचं! शेवटी मी म्हटलं, "साहेब, एक दालन बघायचं राहिलंय." तेव्हा आले.

घरी आल्यावर मग काय करणार? सगळं दाखवलं. ही बैठकीची खोली. हा देव्हारा. ह्या खुर्चीत घरचे मालक बसतात.

"आणि मालकीणबाई?"

मी चहा ठेवायला आत गेले.

आज सकाळी पुन्हा "बाई"च. पुन्हा सगळं घर दाखवलं. देवाकडे काय मागावं तेही सुचेनासं झालंय. ती नोट त्याच्यापुढे ठेवली आहे.

तुमचा फोटो मात्र लांबून ओळखला. "आमची आक्का! गजांत डोकं अडकलं होतं हिचं."

आक्का, गुडघे दुखत असतील तरी या. आणि आल्या आल्या मला नावाने हाक मारा. मोठ्याने, त्यांना ऐकू जाईल अशी.

तुमचीच,
भावजय