गोंद मुरेपर्यंत

१४ मार्च, दुपार

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. तू आणि वहिनी खुशाल असाल. तुझा नवा नंबर आमच्यापैकी कुणाकडेच नाही, म्हणून शेजारचे सुतारकाका टेम्पो घेऊन तिकडे निघालेत, त्यांच्या हाती हे देतेय.

सकाळी आपला पियानो दुरुस्तीला काढला. गावभरचे पियानो मी सुरात लावते आणि घरचाच बेसूर, दिव्याखाली अंधार! तारा ताणून धरणाऱ्या खुंट्या सैल झाल्यात. लाकूड वाळलंय. किल्लीने पीळ दिला की हात काढताच खुंटी मागे फिरते. अण्णा आजवर हात लावू देत नव्हते. काल स्वतःच म्हणाले, "बघ गं, काही होतंय का."

काका आणि मी मिळून तो पाठीवर आडवा केला. पातळ गोंदाचे थेंब एकेका खुंटीच्या बुडाशी सोडायचे. ते लाकडात झिरपतात आणि खुंटी घट्ट बसते. अण्णा चहाचा कप घेऊन खुर्चीत बसून बघत होते.

"चप्पल चिकटवायचा गोंद माझ्या पियानोत घालतेस?"

"चप्पल टिकते ना? मग हाही टिकेल."

हसले. दादा, खरंच हसले. मग म्हणाले, "याचे वरचे सूर रडके आहेत, असं तो म्हणायचा. मी त्याच्यावरच खेकसायचो. कान त्याचाच खरा होता."

तू गेल्यापासून तुझा विषय त्यांनी पहिल्यांदाच काढला. मी पाठमोरी थेंब सोडत राहिले आणि नुसती बडबडत राहिले: गोंद मुरायला वेळ लागतो, वास उग्र आहे, डोळे चुरचुरतायत का, खिडकी उघडू का? उत्तर आलं नाही. वाटलं, डुलकी लागली. मी खुंट्यांची पुढची ओळ घेतली.

सगळ्या खुंट्या झाल्यावर वळले. चहा तसाच होता, साय धरलेला. मान कलली होती. अण्णा गेले, दादा.

डॉक्टर म्हणाले, क्षणात झालं असेल. कुठल्या क्षणात? मी खिडकीचं विचारलं, तेव्हा ते होते का? मी कुणाशी बोलत होते?

रडू येत नाही. बोटांवरचा वाळलेला गोंद नखांनी खरवडत बसलेय. आत्या विचारतेय, किती थांबायचं. मी सांगितलंय, दादा आल्याशिवाय त्यांना कुणी हलवायचं नाही.

"पुन्हा या घरात पाऊल ठेवू नकोस" हे त्यांचे शब्द मीही ऐकले होते. तरी ये. स्वतः गाडी चालवू नकोस, काकांच्याच टेम्पोत बस.

अण्णांपाशी बसून तुझी वाट बघणारी,
धाकटी