सुतकातली वीज

ता. ४ जानेवारी १९३७

सासूबाईंनी घरातली वीज बंद केली! दहा दिवस बटणाला कोणी हात लावायचा नाही. शेजारी भय्यासाहेबांकडे सुतक आहे आणि आमची तार त्यांच्या घरातून येते. "त्यांच्या घरचं पाणी चालत नाही, मंग वीज काहून चालेल?"

डोकं सणकलं माझं. सुतक कशाचं? भय्यासाहेबांची सून मीरा बाळंतपणात गेली. त्यांच्या बाळंतिणीच्या खोलीत विजेचा दिवा नाही, कंदिलाच्या उजेडात दाईला समजलंच नाही किती रक्त जाऊन राहिलं ते. आणि इथे माझी नणंद शरयूताई बाळंतपणाला आलेली, दिवस भरलेले! तिची खोली म्हणजे भर दुपारी काळोख.

ता. ५

आज हिंमत केली. म्हटलं, आई, वीज कोणाच्या घरून उचलून आणत नाहीत. तांब्याच्या तारेत बारीक कण असतात, इलेक्ट्रॉन. आधीपासूनच खच्चून भरलेले. बटण दाबलं की सगळी रांग एकदम सरकते, म्हणून दिवा लगेच लागतो.

"सरकते म्हणजे? कुठून कुठे?"

"तिकडून... इकडे."

"मंग येतातच ना त्यांच्या घरून!"

झालं! माझ्याच तोंडानं माझा घात. इथली वीज एकाच दिशेनं वाहणारी. मागेपुढे डोलणारी असती तर छातीठोक सांगितलं असतं, कण जागचे हलत नाहीत.

हे म्हणाले, "खोटं सांगून दे ना, येत नाहीत म्हणून." स्वतः मात्र आईसमोर चकार शब्द नाही. मोठे आले शहाणे! खोटं सांगायलाही बायकोच पाहिजे!

ता. ६

शरयूताईचे पाय सुजले. माझा हात धरून म्हणाली, "वहिनी, मीरासारखं तर नाही ना होणार माझं?"

मी म्हटलं, छे! आणि मोरीत जाऊन रडले.

ता. ७

इंटर सायन्सचं पुस्तक ट्रंकेतून काढलं. दुपारभर गणित. तारेची जाडी, दिव्याला लागणारा प्रवाह, तांब्यातले कण. दोनदा केलं, विश्वासच बसेना. मुंगीसुद्धा पुढे निघून जाईल! दिवा रात्रंदिवस जळत ठेवला तरी कण दिवसाला सरकणार दोन हात. भय्यासाहेबांच्या घरापासून शरयूताईच्या खोलीपर्यंत चाळीस हात तरी तार आहे.

धावतच स्वयंपाकघरात गेले. "आई, तिकडचे कण इथे पोचेपर्यंत सुतक फिटून जाते!"

त्या भाकरी थापून राहिल्या होत्या. हात थांबला.

"म्हणजे खोलीतल्या तारेत आता आहेत ते आपलेच?"

"आपलेच."

थापलेली भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाल्या, "गोमूत्र शिंपडते तारेवर, मंग लावू."

"नका हो आई, झटका बसेल!"

चिडल्या. "राहू दे मंग!" अस्सा राग आला मला! 

ता. ८

दिवेलागणीपासून कळा. नर्सबाई आल्या, खोलीत पाऊल टाकलं आणि ओरडल्या, "अरे, यहाँ तो कुछ दिखता ही नहीं! रोशनी कीजिए!" मी कंदील घेऊन उभी.  वात भडकली, काच काळी झाली. शरयूताई किंचाळली, "आई गं!"

सासूबाई दारात. देवाचं नाव चाललेलं. माझ्याकडे पाहिलं. वाटलं, आता मीच जाऊन दाबते, घरातून काढलं तर काढोत!

त्यांनीच हात वर केला. खट्.

काय लख्ख दिसलं सगळं! बाळाच्या गळ्याला नाळेचे दोन वेढे. नर्सबाईंनी झटपट सोडवले. तरी बाळ निळं. पाठीवर थापट्या, आणखी थापट्या... आणि रडलं! मुलगी. शरयूताई ठीक आहे. मी भिंतीला टेकून खाली बसले.

ता. ९

मुलगी छान दूध पिते. सासूबाई सारख्या तिच्याजवळ.

ता. १०

आमच्यापुढचं घर विष्णुपंतांचं. त्यांची तार आमच्या भिंतीवरून जाते. सकाळी माणूस बोलावून त्यांनी ती तोडवली. आमच्याकडे जन्माचं सोयर ना! त्यांची लेक सुमेधा पोटुशी आहे, नववा लागला.

मी सासूबाईंना सांगितलं. सोयरात आपण दुसऱ्याचा उंबरा चढत नाही, त्यांनी तर उभ्या जन्मात कधी चढला नाही. डोईवर पदर घेतला, चपला घातल्या. "चल विनता, तुझं ते गणित घे. आपण त्यांच्याकडे जाऊन येऊ."