मावशीची बोली यंत्राच्या तोंडी

बंगळुरू, १२ मार्च २०२५

ती. मटिल्डा मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं वीस तासांचं रेकॉर्डिंग मिळालं. मावशी, काय केलंस हे! घरच्या बोलीत बोल म्हटलं होतं, तर तू चर्चमध्ये मिस्सेत वाचन केल्यासारखी शुद्ध मराठी झोडलीस. वांग्याचा भावसुद्धा प्रवचनासारखा ऐकू येतोय.

हल्ली संगणक माणसासारखे गप्पा मारतात, पण आपली वसईची बोली त्यांना कोणी शिकवलीच नाही. पंचवीस तारखेला आमच्या साहेबांसमोर आमचं यंत्र तुझं ऐकून आपल्या बोलीत बोललं नाही, तर शिकवायच्या भाषांच्या यादीतून ती कटाप. मला स्वतःला ती येत नाही. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची, शिकवणार कोण? एवढं कर गं.

काकांना नमस्कार. माया पातळ करू नकोस.

तुझी,
ॲनिशा

गिरीज, १७ मार्च २०२५

चि. ॲनिशास,
अनेक आशीर्वाद.

पत्र लिहितेय, कारण फोन तुझ्या कामाला जुंपलाय. अगं, मी छत्तीस वर्षं मास्तरीण. समोर यंत्र आलं की पाठ आपोआप ताठ होते. पाहुणे, फादर आणि कागद यांच्यापुढे घरची बोली काढायची नाही, हे तुझ्या आजीने मला आणि जीनाला, म्हणजे तुझ्या आईला, चिमटे काढून शिकवलंय. आमच्या शाळेत पहिला संगणक आला, तेव्हा आम्ही चपला बाहेर काढून आत जायचो. फादरांनी त्याच्यावर पवित्र पाणी शिंपडलं, तो दुसऱ्या दिवशी बंद पडला.

आता फोन स्वयंपाकघराच्या खिडकीत चालू करून ठेवला आणि विसरून गेले. नेमके तुझे आलोशियस काका वाडीतला पाण्याचा पाइप माझ्या वाळत घातलेल्या मिरच्यांवरून ओढत गेले! पुढचे दोन दिवस काय झालं, ते तुझं यंत्रच सांगेल. उपवासकाळात एवढं बोलले, आता पापं कबूल करायला कुमसाराला बसल्यावर फादरांना कुठून सुरुवात करून सांगू?

जेवत जा वेळेवर. जीव आहेच तुझ्यावर, वेगळं काय लिहू.

तुझी,
मटिल्डा मावशी

बंगळुरू, २६ मार्च २०२५

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

यंत्र बोललं! साहेबांनी वसईचं हवामान विचारलं. ते आपल्या बोलीत म्हणालं की डोळे फुटलेत का, खिडकीबाहेर बघ. जेवणाचं विचारलं, तर त्यांच्या तीन पिढ्यांचा उद्धार केला. पडद्यावर भाषांतर उमटत होतं. मला वाटलं, गेली नोकरी. पण साहेब पोट धरून हसले. बोली यादीत राहिली गं!

सगळे जेवायला गेल्यावर मी हळूच विचारलं, घरी कधी येऊ. ते खेकसलं की मेले, विचारतेस काय, भात निवतोय. मावशी, शाळेतून यायला उशीर झाला की आई असंच ओरडायची. तिचं बोलणं मला आठवत नाही असं इतकी वर्षं वाटत होतं. मी तिथेच बसून ढसाढसा रडले.

साहेबांना आता गोड बोलण्याचा नमुना हवाय. आमच्या घरात तो मिळत नाही, असं मी लेखी कळवलंय.

शनिवारी येतेय. लोभ असू दे, आणि आवाज चढलेलाच असू दे.

तुझी,
ॲनिशा