रुग्णभेटीला गेलो आणि राहिलो

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी एक अंग सध्या नीट वाकत नाही, तेव्हा हिशेबात सातच धर आणि आशीर्वाद मात्र पुरा दे.)

प्रभुकृपेने मी इकडे खुशाल आहे. तुझे गुडघे काय म्हणतात? सकाळचा खोकला गेला का, की अजून त्या एकाच बाटलीवर भागवते आहेस? पत्राला एवढा उशीर का झाला ते सांगायलाच बसलो आहे, पण आधी घाबरू नकोस. जे व्हायचं ते होऊन गेलंय आणि हाड जुळलंय. (कोणतं हाड ते पुढे येईलच.) तुला तेव्हाच कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर तू तुझे गुडघे घेऊन इकडे आली असतीस आणि मग एकाला दोन झाले असते. ही गेल्यापासून तू मला तीनदा लिहिलंस की इकडे राहायला ये, मागची खोली रिकामीच आहे. तिन्ही वेळा मी उलट टपाली ताठ मानेने कळवलं की माझं मी बघायला समर्थ आहे, मला कुणाची दया नको. मागच्या पत्रात मात्र तू हवापाण्याचं लिहिलंस, शेजारणीच्या मांजरीला झालेल्या पिल्लांचं लिहिलंस आणि तो विषय काढलाच नाहीस. मी पत्र उलटसुलट करून पाहिलं, पाकिटातही बोट घालून पाहिलं. असो. त्यावर मागाहून येतो.

तर, हे पवित्र वर्ष. तुमच्याकडेही प्रवचनांचा सपाटा चालू असेलच. आमच्या फादरांनी जाहीर केलं की या वर्षाची कृपा मिळवायची तर कॅथेड्रलचं पवित्र द्वार ओलांडायला सगळ्यांनी बस करून जायचं, पण नुसतं दार ओलांडून काय होणार, दार तर आपल्या घरालाही असतं. तेव्हा जाण्याआधी प्रत्येकाने दयेचं एक तरी कृत्य करायचं. भुकेल्याला अन्न, तान्हेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, बेघराला आसरा, आजाऱ्याची भेट, तुरुंगातल्याची भेट आणि मेलेल्याला मूठमाती. आपण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केली होती तीच सात. मी चर्चमधली रविवारची मिस्सा संपल्यावर फादरांना गाठलं आणि म्हटलं, मी जन्मभर लिफ्टमन होतो, थकल्याभागल्या माणसांना रोज वर नेऊन सोडायचो, ते यात कुठे बसतं का? फादर म्हणाले, पगार घेऊन केलेलं यात धरत नाहीत. (हा नियम फादरांच्या स्वतःच्या कामालाही लागू आहे का, असं विचारणार होतो, पण मागे रांग होती.)

मला वाटलं होतं, दया करणं म्हणजे डाव्या हाताचा खेळ. पण ताई, मागणी वाढली की मालाची टंचाई होते हे आपल्या लक्षातच येत नाही. सगळा गाव दया करायला बाहेर पडलेला. चर्चच्या फाटकाशी बसतो त्या म्हाताऱ्याकडे मी पाव घेऊन गेलो, तर तो पोटावरून हात फिरवत म्हणाला की आज नको, पुढच्या रविवारी बघू. जुना कोट द्यायला गेलो तर तिथे कोटांचा ढीग आणि आत शिरायला जागा नाही. तुरुंगाच्या पहारेकऱ्याने विचारलं, कैदी तुमचा कोण? मी म्हटलं, कुणीही चालेल. त्याने मला असं काही न्याहाळलं की मी बाहेर निघालो ते मागे न बघता. उरले आजारी. दम्याच्या मावशींच्या दारात तर बाकं टाकलेली, माणसं हातात फळं घेऊन नंबर लावून बसलेली, आणि मावशींची सून सांगत होती की सासूबाईंना जरा झोपू द्या हो. चर्चच्या मंडळाच्या बाईंकडे गेलो तर त्या म्हणाल्या, सगळे आजारी वाटून झाले, एकच शिल्लक आहे, पण तो तुम्हाला झेपणार नाही.

तो एक म्हणजे सावधानमास्तर. शाळेत कवायत शिकवायचे, निवृत्त होऊन जमाना झाला पण शिट्टी गळ्यातून निघालेली नाही. कंबरेचं ऑपरेशन झालेलं, चार पायांची ती चालायची चौकट धरून घरातल्या घरात चालतात, तिसऱ्या मजल्यावर एकटे राहतात, जिना उतरता येत नाही. भेटायला येणाऱ्याला आधी पोट आत घ्यायला सांगतात आणि मग बसायला. पहिले गेले ते दुसऱ्यांदा गेले नाहीत. मी म्हटलं, मी जन्मभर साहेबलोक वरखाली केलेत, मला एक मास्तर जड नाही. सूपचा डबा घेतला आणि निघालो.

आता एक लक्षात घे, ज्याने आयुष्यभर लिफ्ट चालवली त्याचा जिन्याशी संबंध काय? आमच्या इमारतीत जिना होता म्हणे, मी ऐकून होतो. मास्तरांच्या इमारतीत मात्र लिफ्ट नाही आणि जिना नुकताच धुतलेला. धुणाऱ्या बाई म्हणाल्या, काका थांबा, वाळू द्या. पण बस रविवारी सुटणार, दया त्याआधी व्हायला हवी, थांबतो कोण? धापा टाकत तिसऱ्या मजल्यावर पोचलो, दार वाजवलं, आणि आतून कानठळ्या बसवणारी शिट्टी आली. (मास्तर 'कोण आहे' असं विचारत नाहीत, शिट्टी मारतात.) मी दचकलो, पाय सरकला आणि मी, डबा आणि सूप असे तिघं वेगवेगळ्या वेगाने मधल्या चौकापर्यंत खाली आलो. मास्तर चौकट टेकवत दारात आले, वरून पाहिलं आणि म्हणाले, "पाय बघून टाकायचा असतो." ही आमची पहिली ओळख.

घोटा मोडला. रुग्णवाहिका आली, हॉस्पिटलात प्लास्टर घातलं, आणि परतताना गाडीतल्या दोघा मुलांनी विचारलं, घरी कोण आहे? मी म्हटलं, कुणी नाही, पण मी समर्थ आहे. ती दोघं एकमेकांकडे बघून हसली. झालं होतं असं की ती दोघंही मास्तरांच्या हाताखालून गेलेली, आणि मला नेतानाच मास्तरांनी खिडकीतून हुकूम सोडला होता की याला परत इकडेच आणायचं. मी आरडाओरडा केला, पण शाळेतला धाक कुठे जातो? मला खुर्चीत बसवून त्यांनी तीन मजले वर नेलं. ताई, माणसांना वर नेण्यात माझं आयुष्य गेलं, पण मला कुणी वर नेल्याचं आठवत नाही. अवघडून गेलो. पहिल्या मजल्यापासून त्यांना सांगत होतो की वजन जास्त होतंय, एकाने उतरा.

मग जे सुरू झालं ते काय सांगू. गेलो होतो दया करायला, आणि खाटेवर पडल्या पडल्या त्याच कृत्यांचा मारा माझ्यावरच सुरू झाला. मास्तर एका हाताने चौकट ढकलत दुसऱ्या हातात ताटली धरून येणार. बटाटे उकडलेले, अंडी उकडलेली, गाजरंही उकडलेली, मीठ कशातच नाही. पाणी तासातासाला, शिट्टीवर. माझी विजार हॉस्पिटलात कापली गेली म्हणून त्यांनी स्वतःची निळी कवायतीची अर्धी चड्डी दिली (या वयात! आणि ती घालून मी मंडळाच्या बाईंसमोर पडून होतो). आसरा तर होताच. भेटीला म्हणशील, तर एका जिन्यात दोन आजारी मिळाल्याची बातमी पसरली आणि दम्याच्या मावशींकडची निम्मी रांग इकडे वळली. मास्तरांनी दारात उभं राहून माणशी पाच मिनिटं ठरवून दिली. तुरुंगातल्याची भेटही यातच आली, कारण तीन मजले न उतरता येणारा माणूस कैदी नाही तर काय? उरली ती फक्त मूठमाती, आणि तिची मला घाई नाही.

पहिले काही दिवस माझा नुसता जळफळाट झाला. कुणाचं घ्यायची सवय नाही ना. मास्तरांनी पाय धुवायला घमेलं आणलं की मी म्हणायचो, राहू द्या, मी बघतो. तेव्हा मास्तर म्हणायचे, हात वर, आणि मी सवयीने हात वर केले की तेवढ्यात पाय धुऊन टाकायचे. बस माझ्याशिवाय गेली. रविवारी खिडकीतून तिचा भोंगा ऐकला आणि तोंड भिंतीकडे करून पडलो. दुसऱ्या दिवशी फादर आले, म्हणाले, ज्याला उठता येत नाही त्याला पवित्र वर्षाची कृपा घरी मिळते, चर्चने तशी सोय ठेवलेली आहे. पापं कबूल करून प्रायश्चित्त कर, कम्युनियन घे. आता पापं सांगायची तर खोली एकच. मास्तर आपणहून स्वयंपाकघरात गेले, आणि माझं सांगून होईपर्यंत पातेल्यावर पळी आपटत राहिले, का तर आपल्या कानावर एक शब्द पडू नये. मी जरा लांबवलंच. (पापं तेवढी नव्हती, पण पळी इतक्या निष्ठेने वाजत होती की थांबवायचा धीर होईना.) त्या पळीच्या आवाजात माझे डोळे भरून आले, हे मी फादरांसमोर घोट्यावर ढकलून दिलं. तुला खरं सांगतो, माझ्यासाठी इतकं कुणी केलेलं मला आठवत नाही. ही करायची, पण ती बायको म्हणून करते असं समजून मी कधी आभारसुद्धा मानले नाहीत.

यथावकाश प्लास्टर निघालं. ती दोन मुलंच परत आली, मला नेऊन आणलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवी भरली, काठी घेतली आणि मास्तरांसमोर उभा राहिलो, पोट आत घेऊन. म्हटलं, फार उपकार झाले, निघतो. मास्तर बशी पुसत होते. माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "जिना ओला आहे."

मी दार उघडून पाहिलं. जिना ठणठणीत कोरडा. त्या दिवशी धुणाऱ्या बाई आल्याच नव्हत्या. माझा स्वभाव तुला माहीत आहे, मी असल्या बाबतीत वाद घालून समोरच्याला जिना दाखवणारा माणूस. पण लिफ्टमध्ये सगळे दाराकडे तोंड करून उभे राहतात, त्यामुळे मी माणूस मानेवरून ओळखतो. मास्तरांची मान अवघडलेली होती आणि कोरडी बशी ते पुसतच होते. जन्मभर हुकूम सोडलेल्या माणसाला विनंती करताना शब्द सापडत नव्हता. मी पिशवी खाली ठेवली आणि म्हटलं, मग उद्या बघू. तेव्हापासून रोज सकाळी ते सांगतात जिना ओला आहे आणि मी म्हणतो उद्या बघू, आणि मग आम्ही चहा घेतो. भाजीत मीठ मी घालतो.

तेव्हा माझी काही काळजी करू नकोस. देवाने मला हवं ते दिलं नाही, पण जे दिलं ते फार चांगलं निघालं, आणि त्याबद्दल मी त्याचे, मास्तरांचे, धुणाऱ्या बाईंचे आणि त्या शिट्टीचेही आभार मानतो. खोकल्यावर औषध घे. मांजरीच्या पिल्लांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. लोकरीचे मोजे विणून पाठवशील तर दोन जोड पाठव. मास्तरांचा पाय माझ्याहून मोठा आहे, पण ते मान्य करत नाहीत.

पुन्हा ता. क. वर लिहिलं की काळजी करू नकोस, ते खोटं आहे. मास्तरांना परवा चक्कर आली. मी काठीवर, ते चौकटीवर, दोघांनी मिळून एकाला उभं करायला किती वेळ लागला ते विचारू नकोस. तिसरा मजला आम्हाला फार दिवस झेपणार नाही. तुझं घर तळमजल्यावर आहे आणि मागच्या खोलीत दोन खाटा मावतात, हे मी बोलता बोलता मास्तरांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, तुमच्या ताईला सकाळी लवकर उठायची सवय आहे का? त्यांच्या भाषेत याचा अर्थ 'हो' असा होतो.

शेवटचं. त्या बशीपाशी उभं असताना मला तू आठवलीस. भाऊजींनंतर तू एवढ्या घरात एकटी, आणि मला वाटायचं खोली रिकामी आहे असं लिहून तू मला आसरा देते आहेस. तू देत नव्हतीस गं, मागत होतीस, आणि मी तीनदा नाही म्हणालो. आता मीच 'येऊ का' म्हणून विचारायला हवं, पण लिहायला गेलो की हात अडतो. माझी आणि मास्तरांची, दोघांचीही ही खोड आहे. तेव्हा ताई, एकदा अजून विचार. या वेळी दया म्हणून विचारलंस तरी चालेल.