दोन स्पीकर एकत्रच राहतील

रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

मे महिन्यापासून या वहीत एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल आधी वहीचीच माफी मागतो. लिहिण्यासारखं काही नव्हतं असं नाही. लिहिलं की ते खरं होईल अशी धास्ती होती. न लिहिताही ते खरं झालंच. म्हणून आज एकदम मृत्युपत्र लिहायला घेतलं आहे. कागद कुठलाही चालतो, सह्या नीट हव्यात, असं वरच्या मजल्यावरच्या वकिलांनी सांगितलं.

तर मी, खाली सही करणारा, वय सत्तेचाळीस, पाणीपुरवठा खात्यात नळांची गळती शोधणारा अभियंता, राजीखुशीने हे लिहून ठेवतो. कुणाचा दबाव नाही. डोकं ठिकाणावर आहे. कानांबद्दल तसं म्हणता येत नाही. डावा मे महिन्यात गेला. त्याच्या नसेवर गाठ आहे, ती गुरुवारी काढणार आहेत. उजव्या बाजूलाही एक लहान गाठ आहे आणि तो कान हळूहळू मावळतो आहे. आमच्या दाराची बेल मला ऐकू येईनाशी झाली आहे. "जिवाला फारसा धोका नाही," डॉक्टर म्हणाले. घरी येऊन मी 'फारसा' या शब्दापाशी बराच वेळ बसून होतो. "आणि उजवा कान किती दिवस टिकेल?" असं विचारलं होतं, तेव्हा त्यांनी नुसतं पेनाचं टोपण लावलं.

वकिलांनाही मी एक विचारून घेतलं. "हे मी मेल्यावर नव्हे, पूर्ण बहिरा झाल्यावर लागू होईल, असं लिहिता येतं का?"

"अहो, मृत्युपत्र मेल्यावरच लागू होतं."

"मेलो नाही, नुसता बहिरा झालो तर?"

"तर थांबायचं," ते म्हणाले. मग त्यांनाच कसंतरी झालं आणि त्यांनी चहा मागवला.

कलम पहिले. राहतं घर हिचं, म्हणजे माझ्या बायकोचं. त्यात कुणीही हरकत घेऊ नये. स्वयंपाकघरातली खिडकी पावसाच्या बाजूने फुगते, ती रंधा मारून घ्यावी. मी 'पुढच्या रविवारी' म्हणत राहिलो.

कलम दुसरे. बँकेत जे असेल ते ही आणि लेक यांचं निम्मं निम्मं. लेकीने त्यातून काय शिकावं याबद्दल माझी काही अट नाही. अटी घालणाऱ्या बापाचं काय होतं ते पुढे येईलच.

कलम तिसरे. ऐकायची काठी. जमिनीवर टेकवून दुसरं टोक कानाला लावलं की खालच्या नळातून पाणी कुठे निसटतं आहे ते ऐकू येतं. ती खात्याची नाही, मी स्वतःची करून घेतली आहे. ती कामावरच्या माझ्या जोडीदाराला द्यावी. गळती डांबराखाली असली की बारीक सुस्कारा येतो आणि मातीत असली की नुसती गुरगुर, हे त्याला मी शिकवलं आहे. आमच्या साहेबांना काही द्यायचं नाही. माझा कान गेल्याचं कळल्यावर त्यांनी मला तक्रार कक्षात बसवलं, आणि तिथलं काम म्हणजे फोन घेणं. "बसून काम आहे, तुम्हाला बरं पडेल," असं ते म्हणाले. ते मुद्दाम केलं की त्यांच्या लक्षातच आलं नाही, याचा निकाल मला अजून लावता आलेला नाही. तरीही काही द्यायचं नाही.

कलम चौथे. हेच खरं कलम. बाकीची याला सोबत म्हणून लिहिली.

आमचे आप्पा, म्हणजे वडील, गेले तेव्हा त्यांच्या मृत्युपत्रात एक वाक्य होतं: 'गाण्याचं सामान दोन्ही मुलांत समान वाटावं.' आप्पांकडे एक जुना रिसिव्हर होता, म्हणजे स्पीकरांना आवाज पुरवणारी पेटी, दोन्ही बाजूंना लाकूड, पुढे जाडजूड बटणं. रेकॉर्ड फिरवायचं यंत्र होतं. दोन स्पीकर आणि भिंतभर रेकॉर्डी. दादा माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. आम्ही दोघेही काटेकोर, आप्पांवर गेलेले. सगळं सामान एकानेच ठेवावं, दुसऱ्याने ऐकायला यावं, हे कुणाच्या तोंडून निघालं नाही.

"रेकॉर्डी आणि स्पीकर तू घे," दादा म्हणाला. "रिसिव्हर आणि फिरवायचं यंत्र मी घेतो. झालं समान."

"झालं," मी म्हणालो.

वहिनी दारातून म्हणाली, "अहो, पण मग वाजवणार कोण?" आम्ही दोघांनी तिच्याकडे असं पाहिलं, की ती बिचारी आत गेली.

एका नातेवाइकाच्या घरी पुढे आमची गाठ पडली.

"रेकॉर्डी कशा आहेत?" दादाने विचारलं.

"उभ्या ठेवल्यात. यंत्र?"

"झाकून ठेवलंय."

नंतर आम्ही हवापाण्यावर बोललो. त्यानंतर तेही नाही.

मी रिसिव्हर घ्यायला निघालो तो तेव्हापासून. रेकॉर्ड वाजवायचं साधं यंत्र लगेच मिळालं. रिसिव्हर काही मिळेना. कुठल्याच्या मागे रेकॉर्डसाठी जोडणीच नसे, कुठल्याची ताकद आप्पांच्या जड स्पीकरांना पुरत नसे, कुठला सगळं बरोबर वाजवायचा पण गाणारीचा आवाज काचेमागून आल्यासारखा. दुकानात मी एकच रेकॉर्ड घेऊन जायचो आणि एकच जागा लावायचो: दोन ओळींच्या मधे गाणारी श्वास घेते ती. दुकानदाराने मला 'परीक्षक' असं नाव ठेवलं होतं.

"परीक्षक, आज गाणं ऐकणार की नुसता श्वास?"

"श्वास बरोबर आला की गाणं येतंच."

"मग तुम्ही दवाखान्यात का नाही जात? तिथे नळी लावून ऐकवतात."

घरी हीसुद्धा म्हणायची, "कुठला तरी एक आणा हो. मला गाणं ऐकायचंय, मुलाखत नाही घ्यायची." माहितीपत्रकांचा गठ्ठा तिने दोनदा रद्दीत घातला आणि मी दोनदा परत आणला. मला वाटायचं मी चोखंदळ आहे. आता वाटतं, मी प्रत्येक दुकानात आप्पांचाच रिसिव्हर शोधत होतो आणि तो दादाच्या घरात चादरीखाली होता. पण हेही मी आज सोयीने म्हणत असेन.

या मार्चमध्ये शेवटी एक पसंत पडला. श्वास बरोबर आला. ही त्या दिवशी शेजारी येऊन बसली आणि एक अख्खी बाजू संपेपर्यंत उठली नाही. मे महिन्यात डावा कान गेला.

आता आवाज फार वाढवावा लागतो, भिंतीपलीकडचे तक्रार करतात, म्हणून हेडफोन लावतो. त्या रेकॉर्डवर गाणारी उजवीकडे आहे आणि व्हायोलिन डावीकडे. व्हायोलिन गेलं. ती एक ओळ गाते, थांबते, कुणाच्या तरी उत्तराची वाट बघते, मग पुढे गाते. मला फक्त तिचं थांबणं ऐकू येतं. मी ती रेकॉर्ड लावणं सोडलं.

लेक म्हणाली, "बाबा, मोनो करा ना. मी आणि माझी मैत्रीण एकेक टोक कानात घालतो, तेव्हा मी फोनमध्ये मोनो करते. म्हणजे दोन्हीकडचं एकाच कानात येतं."

मी इतक्या वर्षांच्या शोधात निवडलेल्या रिसिव्हरवर ते बटण नाही. नव्यावर सहसा नसतंच. लेकीने एक जोडणी आणून लावून पाहिली, पण त्या जोडणीने गुणगुण येते, आणि माझ्या कानात आधीच एक गुणगुण आहे. दुकानदार म्हणाला, "मोनोचं बटण? ते जुन्यावर असायचं." आप्पांच्या रिसिव्हरवर ते आहे, आवाजाच्या बटणाशेजारी. लहानपणी आम्ही दोघे ते उगाच दाबायचो आणि आप्पा आतून ओरडायचे, "दोघांना एक करू नका रे!"

तेव्हा या कलमाने मी असं ठरवलं होतं: रेकॉर्डी, फिरवायचं यंत्र, नवा रिसिव्हर आणि दोन्ही स्पीकर, सगळं दादाला. वाटणी करू नये. स्पीकर कुठेही गेले तरी एकत्रच राहतील.

हे मी काल वकिलांना तोंडी सांगितलं. "आणि साक्षीदार?" त्यांनी विचारलं.

"एक तुम्ही. दुसरा दादा. त्या निमित्ताने गुरुवारच्या आत येईल."

"मग त्याला काही देता येणार नाही. साक्षीदाराला दिलेलं टिकत नाही. एकतर सही, नाहीतर सामान."

म्हणजे पुन्हा आमची वाटणीच. सामान दिलं तर दादाने यायची गरज नाही. मी गेल्यावर टेम्पो पाठवला की झालं. सही मागितली तर त्याला काही मिळणार नाही, पण याच खोलीत, माझ्या उजव्या बाजूला, त्याला बसावं लागेल. दिवसभर खाडाखोड करत होतो. गुरुवारनंतर काय उरेल याची मला आशा नाही. तो येईल याचीही फारशी नाही. माझ्या जागी तो असता तर मी गेलो असतो का?

तरी दादाचं नाव कलम चौथ्यातून खोडलं आहे. सगळं सामान लेकीला. तिने ते मैत्रिणीबरोबर ऐकावं. दादाने साक्षीला येताना आप्पांचा रिसिव्हर आणावा, ही अट नाही, विनंती आहे. नाही आणला तरी सही करावी.

हे माझं पहिलं आणि शेवटचं मृत्युपत्र. साक्षीदारांच्या देखत वाचून सही करीन, तोवर जागा कोरी.

लिहून देणार: ............
साक्षीदार: वरच्या मजल्यावरचे वकील ............
साक्षीदार: माझा थोरला भाऊ ............
ठिकाण: राहतं घर, स्पीकरांची खोली
दिनांक: बुधवारच्या आतला, जो असेल तो

उद्या: दादाच्या घरी जाऊन बेल वाजवणे. वाजल्याचं ऐकू आलं नाही तरी दारात उभं राहणे.