मामंजींना मी खरं सांगितलं

बाळूच्या बाबांस,

मामंजींना मिरजेला न्यायला तुम्ही जीप आणायला आटपाडीला गेलात आणि मामंजींनी मला समोर बसवलं. म्हणाले, "हौसा, मिरजंच्या डाक्टरनं आपरेशनच्या कागदावर दादासोची सही घेतली. पोट तर माजं हाय नव्हं?" सही तुम्ही केलीत, पण आपण त्यांना पोटात नुसतं गळू आहे असं सांगितलं होतं. माझ्यानं पुन्हा खोटं बोलवेना. कॅन्सर आहे, चिरलं तरी भरवसा नाही, सगळं सांगितलं.

ते रडले नाहीत. "मेंढराला डाग द्यायच्या आधी बी मी पाठीवरनं हात फिरवतो, सांगतो, बाई, आता भाजंल. तुमी मला तेवढं बी सांगितलं न्हाई." मग घोंगडं खांद्यावर टाकलं आणि चिरून घ्यायचं नाही म्हणून मेंढरांमागं माळाला निघून गेले.

मी भाकरी आणि दूध घेऊन त्यांच्यामागं जाते. तुमचं कालवण चुलीवर झाकलंय. जीप माघारी पाठवा. माझ्यावर रागवा, पण त्यांना ओढून आणू नका.

जाताना तुमच्याबद्दल विचारत होते, "मिरजंहून आल्यापास्नं दादासो माजी नजर का चुकवतो?" त्याचं उत्तर मी दिलं नाही. ते तुम्ही येऊन द्या.

हौसा