झेंड्याखाली कळलावी

१२ मे २०१९, रविवार

सकाळपासून पोटात काही ठरत नाही. चहा गेला, पोहे गेले, प्रीतमने कौतुकाने आणलेलं शहाळंही गेलं! ठरलं ते फक्त समोरच्या अम्मांचं रस्सम.

योगेश्वरी अम्मा. श्रीलंकेतल्या तमिळ, तिकडच्या उत्तर भागातल्या. लेकीकडे राहतात. लेक दर्शिनी नोव्हेनाला एका हॉस्पिटलात नर्स आहे. आम्हाला पुण्याहून या परक्या देशात, यिशुनच्या या फ्लॅटमध्ये येऊन तीनच महिने झालेत, आणि मला दिवस गेलेत हे प्रीतमच्या आधी या बाईला कळलं! लिफ्टमध्ये मला एकदा निरखून बघितलं, मान हलवली, आणि संध्याकाळी डबा हजर. मला तमिळ येत नाही, त्यांना हिंदी नाही. मोडक्या इंग्रजीवर भागवतो दोघी. मला ‘पिळ्ळै’ म्हणतात. म्हणजे लेकरू. एकतीस वर्षांची घोडी मी — पण ऐकायला बरं वाटतं.

आईला फोनवर सांगितलं. म्हणाली, “नशीब लागतं असा शेजार मिळायला.” आणि आमच्या घरात म्हणे नशीब मानत नाहीत!

१८ मे, शनिवार

पुण्यात आज बुद्धपौर्णिमा, या देशात उद्या. इथे व्हेसाक डे म्हणतात, सोमवारी सुट्टीसुद्धा आहे. अप्पांनी निघताना दिलेला पंचशील ध्वज बॅगेतून काढला. निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी. विश्रांतवाडीच्या घरी त्याला अप्पा स्वतः इस्त्री करतात, कुणाला हात लावू देत नाहीत. “कुठेही राहा, आपलं दार ओळखू आलं पाहिजे,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. प्रीतमने तो दाराच्या ग्रिलला बांधला. नवव्या मजल्यावर वारा भरपूर. काय सुंदर दिसत होता!

दुपारी अम्मा डबा घेऊन येत होत्या. हसतच. मग झेंडा बघितला आणि जागच्या जागी थांबल्या. मी म्हटलं, “अम्मा, कम, कम!” त्यांनी डबा छातीशी धरला आणि वळून गेल्या. त्यांचं लाकडी दार दिवसा कधी बंद नसतं. आज लागलं.

मी काय केलं?

१९ मे

खीर केली. त्यांच्या दारापर्यंत नेली. परत आणली.

२६ मे, रविवार

दर्शिनी खाली बसस्टॉपवर भेटली. मला बघून तिचीच मान खाली गेली. “सॉरी आ, सिस्टर. अम्माला राग नाही. तो झेंडा...”

तुटक तुटक बोलली, बस येईपर्यंत. १८ मेला त्यांचं युद्ध संपलं, दहा वर्षांपूर्वी. त्यात तिचा भाऊ निमलन नाहीसा झाला. मेला म्हणावं तर प्रेत नाही, तारीख नाही. त्या दिवशी अम्मा नुसत्या तांदळाची पेज करतात आणि आपल्या माणसांना देतात. डब्यात ती पेज होती! माझ्यासाठी आणत होत्या!

“युद्धानंतर सिंहली सैन्याबरोबर आमच्या गावात आधी हा झेंडा आला. खांबांवर. मग कॅम्पच्या फाटकावर. आमची विहीर कॅम्पच्या आत गेली.”

घरी येऊन रडले. मग राग आला. हा झेंडा? हा? आमच्या आजोबांना गावच्या विहिरीवर चढू देत नव्हते. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली तेव्हा माणसात आले. लाल किल्ल्यावरच्या झेंड्यापेक्षा मोठं काही आहे हे मला लहानपणी ठाऊक होतं, ते म्हणजे आमच्या गल्लीतला हा पाच रंगांचा कपडा. आणि तिकडे हाच कपडा लावून कुणी विहीर घेतली!

प्रीतम म्हणाला, “उतरवू का?”

“हात लावून बघ,” म्हटलं.

२ जून, रविवार

अम्मा बांबूवर कपडे वाळत घालत होत्या. मी मोबाइल घेऊन गेले. बाबासाहेबांचा फोटो दाखवला. म्हटलं, अम्मा, आम्ही सिंहली नाही. आम्ही इंडियातले. आम्हाला पाणी देत नव्हते. या माणसाने दिलं. माझं इंग्रजी अशा वेळी दगा देतं. पीपीटी करायला सांगा, फाडफाड बोलेन.

अम्मांनी सगळं ऐकून घेतलं. फोटोही नीट बघितला. मग म्हणाल्या, “यू गुड गर्ल. फ्लॅग, सेम फ्लॅग.”

आणि उरलेली चादर झटकून वाळत घातली.

संध्याकाळी झेंडा उतरवला. पौर्णिमा संपून गेलीच होती. तरी घडी घालताना आपण अप्पांशी खोटं वागतोय असं वाटत राहिलं.

११ ऑगस्ट, रविवार

आता दुपारी फार झोप येते. झोप तरी कसली, अर्धी इकडे अर्धी तिकडे. परवा इथला नॅशनल डे झाला. सगळ्या ब्लॉकवर लाल-पांढरे झेंडे लटकलेत, अम्मांच्या कठड्यालाही आणि आमच्याही. हा झेंडा कुणालाच दुखवत नाही. मला वाटलं, आम्हा दोघींना असाच एखादा उसना झेंडा बरा.

स्वप्नात सगळ्या मजल्यांवरच्या बांबूंना साड्या, लुंग्या, टी-शर्ट होते, आणि खालून कुणीतरी माइकवर एकेका कपड्याचा देश विचारत होतं. माझ्या गाऊनचा देश मला सांगता येईना! हसत जागी झाले.

उठून बघते तर ग्रिलला पिशवी. आत बरणी — लिंबाचं लोणचं. पोट दिसायला लागलंय ना माझं. दोन महिने न बोललेली बाई पोटाशी बोलली.

१६ ऑक्टोबर, बुधवार

परवा धम्मचक्र प्रवर्तन दिन. झेंडा लावला. अम्मांच्या डोळ्यांदेखत लावला, चोरून नाही. त्या बघत होत्या. मग आत गेल्या, पण दार उघडंच ठेवलं. मला तेवढंही पुष्कळ.

आज दर्शिनी कुंडी घेऊन आली. काठीवर चढवलेला वेल, दोन फुलं. पाकळ्या उलट्या वळलेल्या, लाल, तळाशी पिवळ्या. “तुमच्या दारात ठेवाल का, सिस्टर? थोडे दिवस?” तिचा आवाज बसला होता. शेजारी मलेशियात तमिळ वाघांच्या, त्या युद्धातल्या बंडखोरांच्या संघटनेवरून काही लोकांना धरलंय, बातम्यांत आहे. हे फूल त्यांचं मानतात. खालच्या मजल्यावरचे एक अंकल तिला लिफ्टमध्ये म्हणाले, “दॅट फ्लॉवर, केअरफुल हाँ.” अम्मांचा व्हिजिट पास डिसेंबरात रिन्यू व्हायचाय. “फेकायला सांगितलं तर ती जेवत नाही.”

मी कुंडी घेतली. दुसरं काय करणार होते?

फुलाला मी ओळखलं. ही तर आपली कळलावी! सिंहगडाच्या वाटेवर पावसाळ्यात कुंपणाकुंपणाला.

२० ऑक्टोबर

व्हिडिओ कॉलवर आईला दिसली कुंडी. किंचाळली! “स्नेहल! कळलावी? पोटुशी बाईच्या दारात? अगं घरात आणली तर भांडणं लागतात, आणि तुझ्या या अवस्थेत... मी काही मानत नाही हं. पण ठेवू नकोस.”

अप्पा मागून म्हणाले, “मानत नाहीस तर ओरडतेस कशाला?” लागलंच त्यांचं भांडण. पुण्यापर्यंत पोचला गुण!

विषारी आहे हे मात्र खरं. हात धुते. कुंडी तिथेच आहे, झेंड्याच्या बरोबर खाली.

३ नोव्हेंबर, रविवार

आज मोबाइलवर त्या वाघांचं निशाण बघितलं. लाल कापड, मधोमध वाघाचं डोकं, दोन पंजे पुढे, मागे दोन बंदुका फुली मारून. भोवती गोल किरणं. मोठं केल्यावर दिसलं, किरणं नाहीत, बंदुकीच्या गोळ्या आहेत. एकाला एक लावून मांडलेल्या. मोबाइल उलटा ठेवला.

मग पुन्हा उचलला आणि वाचत बसले. सत्तावीस नोव्हेंबर हा त्यांचा वीरांचा दिवस. संध्याकाळी मेलेल्यांसाठी दिवे लावतात, हे फूल वाहतात.

म्हणजे निमलन! अम्मांच्या टीव्हीवर त्याचा फोटो आहे — शाळेचा पांढरा शर्ट, टाय, तेल लावून चप्प केस. मी त्याच्या अंगावर वर्दी चढवून बघितली. म्हणून फूल फेकवत नाही त्यांना. दिवा लावायची चोरी झालेली आई! मला इतकं भरून आलं.

दुपारच्या झोपेत तो वाघ गोळ्यांच्या रिंगणातून उतरला आणि कॉरिडॉरमध्ये येऊन बसला. आमच्या दोघींच्या दारांच्या मधे. मी त्याला खीर दिली. त्याने हुंगली आणि माझ्याकडे बघितलं. डोळे शाळकरी होते.

२४ नोव्हेंबर

ठरलं. माझ्या दारात दिवा लागला तर कोण विचारणार? प्रेग्नंट बाई आहे, कसलंतरी व्रत असेल म्हणतील. प्रीतमला सांगितलं नाही. तो आधी पासचा विचार करतो, मग माणसाचा — आणि बरोबरच करतो बिचारा.

२७ नोव्हेंबर, बुधवार

दिवस मावळताना पणती लावली. कुंडीतलं एक फूल कापून शेजारी ठेवलं. अम्मांना हाताला धरून आणलं. मी हसत होते! अम्मांनी पणती बघितली, फूल बघितलं, आणि खाली वाकून — फुंकर नाही — पंज्यानेच ज्योत दाबून विझवली. हात तसाच पणतीवर राहिला.

“हू टेल यू? दिस डे, हू टेल यू?”

मी म्हटलं, “निमलनसाठी. ही वॉज... टायगर?”

अम्मा कुंडीपाशी फरशीवरच बसल्या. इंग्रजी, तमिळ, मिळेल तसं बोलल्या. वाघ घरी आले होते. एका घरामागे एक मूल द्यायचं. त्याला धान्याच्या कणगीत लपवलं. खोकला आला त्याला. सोळा वर्षांचा होता. त्याला नेणाऱ्या ट्रॅक्टरपुढे अम्मा आडव्या झाल्या, त्यांना बाजूला ओढलं. ट्रॅक्टरवर तोच वाघाचा झेंडा. मग सैन्य आलं. मधे पोरं. कुणाच्या गोळीने, कुठल्या दिवशी, कुणाला ठाऊक?

“टायगर टेक माय बॉय. यू लाइट लॅम्प फॉर टायगर!”

दार लागलं.

२८ नोव्हेंबर

अम्मांनी माझ्या झेंड्याकडे बघून मला ओळखलं होतं. मी त्यांच्या फुलाकडे बघून त्यांना. त्या निदान गप्प राहिल्या होत्या.

१ डिसेंबर, रविवार

दर्शिनीकडे गेले, माफी मागायला. अम्मा आतल्या खोलीत होत्या. दर्शिनी रागावली नाही, दमलेली दिसली. मी विचारलं, मग ते फूल कशाला?

म्हणाली, ते कुंपणाला उगवायचं. निमलन शाळेतून येताना तोडायचा आणि आमच्या शेळीच्या शिंगांना बांधायचा. अम्मा ओरडायची, शेळीने खाल्लं तर मरेल! रोज ओरडायची, रोज तो बांधायचा. “वाघांनी ते नंतर घेतलं, सिस्टर. आधी ते शेळीचं होतं.”

घरी येऊन वेलाला पाणी घातलं. मी कापलेल्या जागी देठ वाळलाय, पण वर नवी कळी आहे, अजून हिरवी. बाळ सारखं लाथा मारतंय. मला आज कशाचंच स्वप्न नको.

६ डिसेंबर, शुक्रवार

महापरिनिर्वाण दिन. पांढरा ड्रेस घातला. बाबासाहेबांच्या फोटोपुढे झेंडा अंथरून मेणबत्ती लावली. दार उघडं होतं.

अम्मा चपला काढून आत आल्या. हातात शाळेच्या शर्टातला निमलन.

“टुडे, दिस मॅन डाय?” मी हो म्हटलं. त्या झेंड्याकडे बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “माय बॉय नो डेट. टायगर डेट, आय डोन्ट वाँट. मे एटीन, एव्हरीबडी’ज.” फोटो त्यांनी झेंड्यावर, बाबासाहेबांच्या शेजारी टेकवला. “पिळ्ळै, युवर डेट... ही कॅन टेक?”

दुसरी मेणबत्ती त्यांनीच पहिलीवरून पेटवली.